सामाजिक चिंतेसाठीचा बारा आठवड्यांचा गटोपचार : एका सहभागीचा अभिप्राय

एका समुपदेशन केंद्राने १८ ते ३० वर्षे वयाच्या तरुणांसाठी सामाजिक चिंतेवर, म्हणजे सोशल अँक्झायटीवर, गटोपचार चालवला होता. त्याविषयी मी हे लिहीत आहे. आठवड्याला दोन तासांचे एक सत्र, अशी एकूण १२ सत्रे झाली. गटात आम्ही आठ जण होतो आणि आमच्याबरोबर दोन मानसशास्त्रज्ञ असत. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. गट लहान होता आणि नावावरून माझ्या सोबतचे सात जण ओळखू येण्याचा संभव आहे. कार्यक्रम संपून आता चार महिने झाले. संपल्यासंपल्या लिहिले असते तर भारावलेल्या अवस्थेत लिहिले गेले असते, म्हणून थांबले. माझे मत आधीच सांगते. शरीरावर दिसणाऱ्या लक्षणांशी कसे वागावे हे या कार्यक्रमाने मला जितके नीट शिकवले तितके आजवर कोणी शिकवले नव्हते. मनात चालणाऱ्या लक्षणांकडे मात्र तो फार उशिरा वळला, आणि ही उणीव किरकोळ नाही.

सुरुवात नोंदणीपासून करावी लागेल, कारण पहिली तक्रार तिथलीच आहे. नोंदणीसाठी अर्ज नव्हता, ईमेलचा पत्ता नव्हता, फक्त फोन नंबर होता. अनोळखी माणसाला फोन करणे हेच ज्यांना डोंगराएवढे वाटते त्यांच्यासाठीच्या सेवेचे दार फोननेच उघडावे, याचा विचार कोणीतरी करायला हवा होता. नंबर मिळाल्यापासून प्रत्यक्ष फोन करीपर्यंत माझे सात आठवडे गेले. काय बोलायचे ते मी कागदावर लिहून काढले होते, आणि तरीही दोन वेळा पलीकडून आवाज येताच फोन ठेवून दिला. तिसऱ्यांदा बोलले, तेव्हा पलीकडच्या बाईंनी माझे अडखळणे शांतपणे ऐकून घेतले व घाई केली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पण जे तिसऱ्यांदा फोन करू शकले नसतील त्यांची मोजदाद केंद्राकडे असणे शक्य नाही.

प्रवेशाआधी प्रत्येकाची स्वतंत्र मुलाखत झाली आणि एक प्रश्नावली भरून घेण्यात आली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ मायकेल लिबोविट्झ यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही मापनश्रेणी जगभर वापरली जाते. तिच्यात २४ प्रसंग आहेत : चारचौघांत फोनवर बोलणे, लोकांसमोर खाणे, कोणी पाहत असताना लिहिणे, आधीच माणसे बसलेल्या खोलीत शिरणे, विकत घेतलेली वस्तू दुकानात परत करणे, सार्वजनिक स्वच्छतागृह वापरणे. प्रत्येक प्रसंगाला भीती किती वाटते यासाठी ० ते ३ आणि तो किती टाळला जातो यासाठी पुन्हा ० ते ३ असे गुण द्यायचे. कमाल बेरीज १४४ होते. माझी ८६ आली. मात्र बेरजेपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीने मी चपापले. काही प्रसंगांत माझी भीती १ होती आणि टाळणे ३. मुलाखत घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी त्या ओळींवर पेन्सिल ठेवून विचारले, “या गोष्टीची भीती तुम्हाला शेवटची कधी वाटली होती?” मला आठवेना. मी त्या प्रसंगांच्या वाटेलाच इतकी वर्षे गेले नव्हते की तिथली भीतीसुद्धा अनोळखी झाली होती. स्वतःला मी ‘भिडस्त’ म्हणत आले होते आणि घरचेही तेच म्हणत. भीड ही स्वभावाची गोष्ट असते आणि तिच्यासह माणूस जे करायचे ते करतो, मी मात्र करतच नव्हते, हा फरक त्या दोन रकान्यांनी मला पहिल्यांदा दाखवला.

या त्रासाला आजार म्हणून स्वतंत्र नाव मिळाले ते १९८० मध्ये, अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीत, ‘सोशल फोबिया’ असे. बहुतेकांमध्ये तो ८ ते १५ या वयात सुरू होतो. त्यामुळे विशी-पंचविशीत उपचाराला येणाऱ्या माणसाला त्याच्याआधीचा आपण कसा होतो हे सहसा आठवत नाही. त्याला हा आजार म्हणजे आपला स्वभावच वाटत असतो. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीतील निकषांपैकी एक आम्हाला पहिल्याच सत्रात सांगण्यात आला, आणि पुढच्या सगळ्या सत्रांचे काम त्याच्यावर उभे होते : या माणसांना भीती वाटते ती आपली घबराट लोकांना दिसेल याची. म्हणजे हात थरथरणे हे भीतीचे लक्षण असते आणि तेच भीतीचे कारणही होते.

पहिल्या सत्राची रचना कठोर होती. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर आम्ही बसलो आणि एकेकाने आपले नाव व एखादी आवड सांगायची असे ठरले. माझी खुर्ची सहावी होती. ज्यांनी अशी पाळी येण्याची वाट पाहिली आहे त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी लिहिते. दुसऱ्या खुर्चीपासून छातीत धडधड सुरू झाली, तिसऱ्या खुर्चीला घशाला कोरड पडून जीभ टाळ्याला चिकटली, चौथीला कान तापले, आणि पाचवा माणूस बोलत असताना माझे स्वतःचे नाव मी मनात घोकत होते, जणू ते विसरण्याची शक्यता होती. पाळी संपल्यावर मानसशास्त्रज्ञांनी विचारले, “चौथ्या खुर्चीवर बसलेल्यांनी आवड कोणती सांगितली?” त्या खुर्चीवरच्या व्यक्तीशिवाय ती कोणालाही सांगता आली नाही. मग त्यांनी डेव्हिड क्लार्क व एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये मांडलेले प्रारूप समजावले : धोका वाटताच लक्ष बाहेरून आत वळते, माणूस स्वतःवरच पहारा ठेवू लागतो, आणि आपल्याला आतून जसे वाटते तसेच आपण बाहेरून दिसत असणार असे गृहीत धरतो. समोरची माणसे जांभया देत आहेत की स्मित करत आहेत हे पाहायला लक्षच उरलेले नसते. तो प्रसंग मला तेव्हा क्रूर वाटला होता आणि आजही तो थोडा सौम्य करता आला असता असे वाटते. पण सात माणसांनी एकाच वेळी ‘मलाही ऐकू आले नाही’ असे कबूल करणे हा माझ्या आयुष्यातील अतिशय हलके करणारा क्षण होता.

दुसऱ्या सत्रात प्रत्येकाला माणसाच्या आकृतीचा कागद देऊन आपापली लक्षणे त्यावर दाखवायला सांगितले. आठ कागद शेजारी लावले तेव्हा दोन सारखे निघाले नाहीत. कोणाचे हात कापत होते, कोणाचा आवाज. कोणाला मळमळ व्हायची, कोणाला वारंवार लघवीला जावेसे वाटायचे, एकाच्या चेहऱ्याचे स्नायू असे ताठायचे की हसूही ओढूनताणून आणावे लागे, आणि एकीला शरीरात काहीच न होता डोके कोऱ्या पाटीसारखे रिकामे व्हायचे. या प्रत्येकामागचे शरीरशास्त्र इतक्या सोप्या भाषेत सांगितले गेले की मी घरी जाऊन ते धाकट्या भावाला समजावू शकले. धोक्याच्या वेळी पळता किंवा लढता यावे म्हणून अनुकंपी चेतासंस्था कामाला लागते. हृदय वेगाने रक्त ढकलते, ते मोठ्या स्नायूंकडे वळते, पचन मंदावते म्हणून पोटात गोळा येतो, लाळ आटते म्हणून घसा सुकतो, आणि तापणारे शरीर थंड ठेवण्यासाठी घाम येतो. यंत्रणा बिघडलेली नसते. सभेतल्या चार नजरांना ती वाघाच्या नजरा समजते, एवढेच.

चेहरा लाल होण्यावर बराच वेळ दिला गेला, आणि ते योग्यच होते, कारण हे लक्षण लपवता येत नाही आणि लपवू पाहिले की वाढते. चार्ल्स डार्विन यांनी भावनांच्या आविष्कारावरील १८७२ च्या आपल्या ग्रंथात यासाठी एक संपूर्ण प्रकरण दिले आहे आणि याला सर्व आविष्कारांत अत्यंत विलक्षण व अत्यंत मानवी असे म्हटले आहे. वर्ण गडद असला तर लाली दिसत नाही, तरी होणारा बदल तोच असतो, याचाही विचार त्यांनी केला आहे. माझा वर्ण सावळा आहे. माझ्या मानेवर लाली उमटते की नाही हे मी कधी आरशात पाहिले नव्हते, पण वयाच्या सोळाव्या वर्षापासून कडक उन्हाळ्यातही उंच गळ्याचे कपडे घालत आले होते. त्या दिवशी गटातल्या सात जणांना विचारले, तेव्हा सातही जणांनी मान पाहून सांगितले की काही दिसत नाही. आग खरी होती, पण ती फक्त मलाच जाणवत होती.

या उंच गळ्यासारख्या गोष्टींना उपचाराच्या भाषेत ‘सुरक्षा-वर्तन’ म्हणतात आणि कार्यक्रमाचा उत्तम भाग त्यांच्याविषयीचा होता. पेला दोन्ही हातांनी घट्ट धरणे, घामाचे डाग दिसू नयेत म्हणून गडद रंगच निवडणे, वाक्य तीनदा मनात घोकून मगच बोलणे, नजर मोबाइलमध्ये घालून ठेवणे, कोपऱ्यातली दाराजवळची जागा धरणे. चौथ्या सत्रात प्रत्येकाने बाहेरून आलेल्या एका अनोळखी स्वयंसेवकाशी पाच-पाच मिनिटांचे दोन संवाद केले. पहिल्यात सगळी सुरक्षा-वर्तने नेहमीप्रमाणे वापरायची आणि आपण कसे दिसतो यावर लक्ष ठेवायचे. दुसऱ्यात ती सोडायची आणि लक्ष समोरच्याच्या बोलण्यावर ठेवायचे. दोन्हींचे चित्रीकरण झाले. पाहण्याआधी आपण किती घाबरलेले दिसू याला १० पैकी गुण द्यायचे होते. मी ९ दिले. चित्रफितीत दिसणाऱ्या मुलीला, ती जणू कोणी परकी आहे असे समजून गुण द्या म्हटल्यावर, मला ३ च्या वर जाता आले नाही. त्याहून धक्का दुसऱ्या गोष्टीने दिला. पहिल्या संवादातली मी, जी सारे काही सांभाळून बोलत होते, ती तुटक आणि अलिप्त दिसत होते. कॉलेजमध्ये माझ्या पाठीमागे मला ‘शिष्ट’ म्हणत असत, आणि त्या शब्दाने मी कित्येक रात्री रडले आहे. तो शब्द लोकांना माझ्या भीतीमुळे सुचला नव्हता, ती लपवण्याच्या खटाटोपामुळे सुचला होता, हे मला त्या पडद्यावर दिसले.

याच संदर्भात आम्हाला अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच व सहकाऱ्यांचा २००० मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग सांगण्यात आला. विद्यार्थ्यांना संकोच वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर विद्यार्थ्यांच्या खोलीत पाठवले, तेव्हा खोलीतल्या जवळजवळ निम्म्या लोकांच्या ते ध्यानात आले असेल असा त्यांचा अंदाज होता; प्रत्यक्षात सुमारे एक चतुर्थांश लोकांच्याच आले होते. सातव्या सत्रात आम्ही हेच आमच्या शरीरांवर करून पाहिले. भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतताना हात मुद्दाम थरथरू द्यायचा, पाणी सांडू द्यायचे, आणि मग मान वर करून लोकांचे चेहरे पाहायचे. बारा वर्षे जी गोष्ट घडू नये म्हणून मी जिवाचा आटापिटा केला ती मी हातांनी घडवली. दोघांनी पाहिले, एकाने फडके पुढे केले आणि बोलणे पुढे सरकले.

आता उणिवा. ज्याला मी मनाची लक्षणे म्हणते ती प्रसंगाच्या आधी आणि नंतर वस्तीला असतात. पुढच्या गुरुवारी एखादी बैठक असली की रविवारपासून धाकधूक सुरू होते, जेवणावरची इच्छा उडते, झोप तुकड्यातुकड्यांनी येते. बैठक झाल्यावर सुटका होत नाही, उलट रात्री उलटतपासणी चालते : ते वाक्य असे का बोलले, तो हसला तो कशाला, मी ‘हो’ म्हणताना आवाज चिरकला का. या उलटतपासणीत पुरावे निवडून घेतले जातात आणि निकाल आधीच ठरलेला असतो. तिच्यातून येते ती लाज, आणि ही लाज एखाद्या चुकीपुरती नसते, आपण मुळातच कमी आहोत अशी असते. मग एकटेपणा. माणसे नको असतात म्हणून आलेला नव्हे, माणसे हवीहवीशी असूनही जवळ जाता येत नाही म्हणून आलेला. समवयस्क मित्र जोडत असतात, प्रेमात पडत असतात, मुलाखती देत असतात, आणि आपण त्यांच्याकडे काचेआडून पाहत राहतो. त्यांचा हेवा वाटतो, हेवा वाटल्याची पुन्हा लाज वाटते, आणि शेवटी स्वतःचा इतका राग येतो की तो कोठे ठेवावा ते कळत नाही.

या सगळ्याला कार्यक्रमात जागा मिळाली ती थेट नवव्या सत्रात. सत्र चांगले होते. उलटतपासणीला ठराविक वेळी थांबवण्याची आणि प्रसंगानंतर फक्त प्रत्यक्ष दिसलेल्या-ऐकलेल्या गोष्टी लिहून ठेवण्याची पद्धत मी अजून पाळते. पण तोपर्यंत दोन महिने आम्ही दर आठवड्याला नवा प्रयोग करून घरी जात होतो आणि त्याच रात्री त्याची चिरफाड करत होतो. पाचव्या सत्रानंतर माझे तीन दिवस फार वाईट गेले, आणि दिवसा जे मिळवले होते ते त्या रात्रींनी बरेचसे काढून घेतले. आमच्यापैकी एक जण सहाव्या सत्रापासून येईनासा झाला. त्याला एक मेसेज गेला, उत्तर आले नाही, आणि विषय तिथेच थांबला. ज्या आजारात माणूस उत्तर न देऊनच मदत नाकारतो, तिथे एका मेसेजवर थांबणे मला पटत नाही. सामाजिक चिंतेबरोबर नैराश्य येणे ही सर्वज्ञात गोष्ट आहे, तरी आमच्या मनःस्थितीची पद्धतशीर विचारपूस मुलाखतीत एकदा आणि शेवटी एकदा, एवढीच झाली. उलटतपासणीचा विषय तिसऱ्या सत्रात आणि मनःस्थितीची चौकशी दर दोन आठवड्यांनी, एवढे दोन बदल केंद्राने करावेत असे मी लेखी कळवले आहे.

आणखी एक गोष्ट प्रवेशाच्या वेळी सांगायला हवी होती. उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी गटोपचारापेक्षा वैयक्तिक बोधनिक वर्तनोपचाराला, म्हणजे विचार व वागणे बदलण्यावर काम करणाऱ्या आणि एकट्याने घ्यायच्या उपचाराला (सीबीटी), प्राधान्य दिले आहे. हे मला कार्यक्रम संपल्यावर वाचनातून कळले. आधी कळले असते तरी मी बहुधा गटच निवडला असता, कारण दुसऱ्याचा कापणारा हात पाहून माझ्या मनात तिरस्कार येत नाही, त्याचे बोलणे तेवढे लक्षात राहते, हा अनुभव एकटीला मिळाला नसता. पण निवड माझी असायला हवी होती.

आम्हाला दिलेली श्वसनाच्या सरावाची ध्वनिफीत हा कार्यक्रमाचा सर्वांत कमकुवत भाग. ती ऐकून बरे वाटते, मात्र गटातले तिघे जण प्रत्येक प्रसंगाआधी कानाला हेडफोन लावू लागले आणि ते नवे सुरक्षा-वर्तन झाले. हे आमच्यापैकीच एकीने बोलून दाखवेपर्यंत कोणी लक्षात आणून दिले नाही. औषधांविषयी एकाच वाक्यात बोळवण झाली. नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधे या आजारात उपयोगी पडतात, भाषणासारख्या एखाद्या प्रसंगापुरती थरथर व धडधड कमी करण्यासाठी प्रोप्रॅनोलॉल दिले जाते आणि दम्याच्या रुग्णांना ते चालत नाही, एवढे तरी कोणा मानसोपचारतज्ज्ञाला बोलावून सांगता आले असते. गटातल्या एकाने ते मित्राच्या सल्ल्याने, डॉक्टरांना न विचारता घेतले होते.

शेवटच्या सत्रात माझी बेरीज ५७ आली आणि तीन महिन्यांनंतरच्या भेटीत ५२. हात अजूनही थरथरतात. गेल्या महिन्यात कार्यालयात सहकाऱ्यांसमोर फळ्यावर लिहिताना अक्षर वेडेवाकडे आले, ते मी तसेच राहू दिले व पुढची ओळ लिहिली. रात्रीची उलटतपासणी मात्र पूर्ण थांबलेली नाही, आणि तिच्यासाठी मी आता त्याच केंद्रात वैयक्तिक सत्रे घेत आहे.

ज्यांना अशा गटात जायचे आहे त्यांनी आधी पुढील गोष्टी विचारून घ्याव्यात : प्रसंगानंतरच्या विचारांवर कितव्या सत्रात काम होते, मधेच न येणाऱ्या सहभागीचा पाठपुरावा कोण करते, चित्रफिती कोठे ठेवतात व कधी पुसतात. आमच्या चित्रफिती प्रत्येक सत्राच्या शेवटी आमच्यासमोर पुसल्या जात. आणि नोंदणीचा फोन आपल्याऐवजी घरच्या कोणी किंवा मैत्रिणीने केला तरी चालतो. हे कोठेही लिहिलेले नाही, मला ते शेवटच्या दिवशी सहज विचारल्यावर कळले.